वेताळाच्या चपला

मे महिन्यात मामा मुंबईहून शिरोड्याला आला की त्याच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असत. आजीसाठी तपकिरीची डबी आणि माझ्यासाठी इंद्रजाल कॉमिक्सचे पाच-सहा अंक. अंक रद्दीतले, कुठल्या तरी वाचनालयाचा जांभळा शिक्का मारलेले, पिना गंजलेले. 1974 साली मी आठ वर्षांचा होतो. त्या मे महिन्यातला एक अंक आजीने हातात घेतला, मुखपृष्ठावरच्या बुरखेवाल्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "हो कोण?"

"वेताळ."

"वेताळ?" तिची नजर त्याच्या पायांवर गेली. "मगे व्हाणो खंय ह्याच्यो? बूट कित्याक?"

तेव्हा मी हसलो होतो. पण हा बुटांचा वेताळ आपल्याकडे आला कसा, हे पुढे शोधत गेलो तेव्हा आजीचा प्रश्न सारखा आठवत राहिला.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने 'फँटम', म्हणजे हाच वेताळ, 1936च्या फेब्रुवारीत सुरू केला, तोही वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत. गोष्ट अशी: 1536 साली चाच्यांनी बापाला मारलं, पोरगा एकटा वाचून किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच बुरखा घालत आलाय. आपण वाचायचो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा मरतच नाही.

मुंबईत बेनेट कोलमनने, म्हणजे 'टाइम्स'वाल्यांनी, मार्च 1964मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं. किंमत साठ पैसे, पहिला नायक फँटम. पुढे अमर चित्र कथा उभी करणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते. मासिक म्हणून निघालेला हा अंक नंतर पाक्षिक झाला, 1981 साली साप्ताहिक झाला. जादूगार मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन आले, 1976मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, तो तर आपल्याच मातीतला. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून हे अंक निघत.

आता लोकांनी जुने अंक स्कॅन करून ठेवलेत. निवृत्तीनंतर माझा उद्योग हाच: रात्री एकीकडे मूळ इंग्रजी पट्टी उघडायची, दुसरीकडे मराठी अंक, आणि चौकट चौकटीला लावून बघायची. वर्तमानपत्रातली पट्टी आडवी, अंकाचं पान उभं. त्यामुळे चौकटी कापून नव्याने रचलेल्या. पानं मोजकी, म्हणून मधल्या काही चौकटी सरळ गाळलेल्या. लहानपणी मला कोड्यात टाकणारी एक उडी आत्ता साठीला सुटली. फुगे इंग्रजी अक्षरांच्या मापाचे. त्यात वेलांट्या-उकार बसवताना अक्षरं अशी दाटीवाटीने उभी की जणू गणपतीच्या दिवसांतली कोकणची एसटी.

सगळ्यात मोठी गंमत नावांची. मूळ गोष्टीतल्या देशाच्या नावात बंगाल डोकावत होता. इंद्रजालने ते नाव पुसून 'डेंकाली' केलं. भारतीय वाचकाला आपलाच प्रांत रानटी टोळ्यांचा मुलुख म्हणून दाखवणं परवडलं नसतं, हे उघड आहे. पण नायकाचं काय करायचं? बंगालीत 'अरण्यदेव' हेही नाव त्याला मिळालं. मराठीत 'वेताळ'.

हे नाव कुणी सुचवलं ते अंकात छापलेलं नाही. मुंबईत बसून त्याने फार तर विक्रमाच्या खांद्यावरचा, झाडाला उलटा लटकणारा वेताळ आठवला असेल. 'चांदोबा' वाचणाऱ्या पोराला तोच ठाऊक. पण आम्हा तळकोकणातल्या पोरांसाठी नेम भलत्याच ठिकाणी लागला. शिरोड्याला लागूनच आरवली. तिथला ग्रामदेव वेतोबा, म्हणजे वेताळच. पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती, हातात तलवार. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडायला त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहायच्या. गोव्यातही गावोगाव बेताळ आहे.

म्हणजे इंग्रजीत ज्याची ओळखच 'चालणारं भूत' अशी होती, त्याला मराठीत नाव मिळालं ते खरोखर रात्रभर चालणाऱ्या देवाचं. फॉकला हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. कवटीच्या गुहेत राहणारा, पिढ्यान् पिढ्या न मरणारा, दुष्टाच्या जबड्यावर अंगठीची खूण उमटवणारा राखणदार आम्हाला परका वाटलाच नाही. शाळेत शाईने मुठीवर कवटी काढून एकमेकांच्या गालावर दाबायचो, आणि त्याच तोंडाने रात्री आरवलीच्या वाटेवर 'वेतोबा, सांभाळ रे' म्हणायचो. दोन्ही वेताळ एकाच खात्यावर जमा.

1990 साली इंद्रजाल बंद पडलं. तोवर घराघरात टीव्ही आला होता आणि मी नोकरीसाठी डोंबिवलीत. अंकांची माझी ट्रंक आईने शाकारणीच्या गडबडीत रद्दीत घातली. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. ते रद्दीतूनच आले होते.

गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन आरवलीला गेलो. देवापुढे चपलांचे जोड मांडलेले, एकेक चप्पल नातवाच्या हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी. आदल्या रात्री मी त्याला फोनवर बुरखेवाल्याचा एक अंक वाचून दाखवला होता. तो चपलांकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, हा बूट का नाही घालत?"