वाण्याची वाणी

मराठींत व्यापाऱ्याला 'वाणी' म्हणतात आणि बोलण्यालाही 'वाणी'च म्हणतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हे दोन शब्द अगदीं निराळे. एक 'वणिज्' पासून झिजून आलेला, दुसरा संस्कृतांतून जसाच्या तसा उचललेला. तरीपण या योगायोगांत कांहीं तथ्य असावें असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे, आणि त्याला कारण आमचा एक जुना विद्यार्थी. महाविद्यालय सोडल्यावर त्यानें वडिलांचें बीं-बियाण्यांचें व खतांचें दुकान हातीं घेतलें. दुकान तालुक्याच्या गांवीं, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचें. पण आतां तें गिऱ्हाईकही फोनवर भाव पाहतें आणि परभारें माल घरपोंच मागवितें. परवां तो भेटीस आला तेव्हां जातां जातां म्हणाला, "सर, मी पॉडकास्ट सुरू करावा काय? मुलगा म्हणतो, करा. मला तो पोरखेळ वाटतो."

आम्ही इतिहास शिकविणारे. दुकानदारीचा आम्हांस गंधही नाहीं. पण प्रश्न ऐकतांच आम्हांस शंभर वर्षांपूर्वींच्या एका अमेरिकन बियाणेवाल्याची आठवण झाली. त्या सायंकाळीं आम्हीं त्यास जें सांगितलें तेंच येथें थोडें सविस्तर मांडीत आहों.

नभोवाणीचा जन्म दुकानाच्या फळीवर झाला असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९२० साली पिट्सबर्ग शहरीं फ्रँक कॉनरॅड नांवाचा एक अभियंता आपल्या मोटारखान्यांतील यंत्रावरून हौसेखातर ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवी. तें गाणें ऐकण्याचीं यंत्रें होर्न नांवाच्या तेथल्या एका मोठ्या दुकानानें दहा डॉलरपासून पुढच्या किंमतींना विकावयास काढलीं व वर्तमानपत्रांत तशी जाहिरात दिली. कॉनरॅड ज्या वेस्टिंगहाउस कंपनींत नोकरीस होता तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें ती वाचली आणि ताडलें कीं, गाणें रोज लाविलें तर यंत्रें रोज खपतील. त्याच वर्षीं २ नोव्हेंबरला, अध्यक्षाच्या निवडणुकीचे निकाल सांगत, के.डी.के.ए. हें केंद्र सुरू झालें. लवकरच न्यूअर्कचें बँबर्गर, फिलाडेल्फियाचीं वॉनामेकर व गिंबेल अशा बड्या दुकानांनींही आपापलीं केंद्रें काढलीं.

या केंद्रांवरून मालाविषयीं बोलावें कीं नाहीं याचा मात्र मोठा संकोच होता. त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीं, एवढें थोर साधन जाहिरातींच्या बडबडींत बुडूं देणें ही कल्पनाच सहन होत नाहीं, अशा आशयाचे उद्गार १९२२ च्या आरंभीं काढले होते. त्याच वर्षीं २८ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ई.ए.एफ. केंद्रावर एका घरबांधणी कंपनीनें पैसे मोजून वेळ विकत घेतला. तिच्या इमारतीचें नांव हॉथॉर्न कोर्ट. म्हणून वक्त्यानें आधीं कादंबरीकार हॉथॉर्नची थोरवी गाइली, मग मोकळ्या हवेचें माहात्म्य सांगितलें आणि शेवटीं हळूच खोल्यांकडे वळला. आमच्या कीर्तनकारांचा पूर्वरंग व उत्तररंग याहून निराळा काय असतो?

आतां आमचा बियाणेवाला. आयोवा प्रांतांत शेनँडोआ नांवाचें पांच-सहा हजार वस्तीचें गांव आहे. चोहोंकडे मक्याचीं शेतें. तेथें हेन्री फील्ड हा गृहस्थ टपालानें बियाणें विकी. लेखणीनें तो आधींपासूनच बोलका होता. त्याची मालाची यादी वाचणारास ओट्यावर बसून शेजाऱ्याशीं गप्पा मारल्यासारखें वाटे. शिवाय बागाइतीविषयींचें एक लहानसें मासिकही तो काढी. १९२३ मध्यें गांवच्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मंडळीस घेऊन तो ओमाहा शहरच्या केंद्रावर कार्यक्रम करावयास गेला. ऐकणारांचा उत्साह पाहून त्यानें १९२४ च्या फेब्रुवारींत आपल्या बियाण्यांच्या इमारतींतच के.एफ.एन.एफ. हें स्वत:चें केंद्र उभारलें. त्या चार अक्षरांचा त्यानें लाविलेला अर्थही त्याच्या स्वभावाला शोभेसा होता: मैत्री राखा, कपाळाला आंठ्या घालूं नका.

या केंद्रावर शहरी वक्तृत्वाचें नांव नव्हतें. फील्ड स्वत: बोले आणि घरीं बोले तसाच बोले. बीं केव्हां टाकावें, कोणत्या जमिनीस काय मानवतें, टपालानें कोणाचें पत्र आलें, असल्या गोष्टी. मधून मधून भजनें आणि खेडवळ फिडल. त्याची एक बहीण हेलन फुलबागेविषयीं सांगे. दुसरी बहीण लिॲना ड्रिफ्टमायर हिनें १९२६ पासून गृहिणींसाठीं स्वयंपाकघरांतील गोष्टी सांगावयास आरंभ केला. पुढें १९३० मध्यें मोटारीच्या अपघातानें तिचें चालणें-फिरणें संपलें, तरी तिनें घरून बोलणें चालूं ठेविलें. हें ऐकणारीं माणसें दूरदूरच्या एकाकी शेतांवर राहणारीं होतीं. त्यांच्या दिवसांत परक्याचा शब्द पडत नसे. त्यांना हा आवाज सोयऱ्याचा वाटूं लागला. मग बियाण्यांच्या जोडीला मोटारीचे टायर, कॉफी, सुकविलेलीं आलुबुखारें असा नाना प्रकारचा माल फील्ड विकूं लागला आणि लोक तो घेऊं लागले. गांवोगांवचे दुकानदार अर्थातच चिडले.

त्याच गांवांत अर्ल मे हा दुसरा बियाणेवाला होता. त्यानें १९२५ मध्यें के.एम.ए. हें आपलें केंद्र काढलें. एका लहानशा गांवांत बियाण्यांचीं दोन दुकानें, दोन केंद्रें, आणि दोघांचाही व्यापार भरभराटला! १९२६ मध्यें 'रेडिओ डायजेस्ट' या नियतकालिकानें वाचकांचा कौल घेतला, तेव्हां महानगरांतील कमावलेले आवाज बाजूस राहिले आणि सर्वांत लोकप्रिय निवेदक म्हणून सोन्याचा करंडक या अर्ल मेला मिळाला. फील्ड तर १९३२ मध्यें सेनेटच्या निवडणुकीस उभा राहिला. पक्षांतल्या लढतींत त्यानें विद्यमान सभासदास पाडलें. मुख्य निवडणुकींत मात्र हरला. बियाणें घेणारा मतही देईलच असें नाहीं.

एथवर ऐकून आमचा विद्यार्थी खुलला. पण गोष्टीचा दुसरा भाग सांगितल्यावांचून पहिला भाग सांगणें अप्रामाणिकपणाचें झालें असतें. शेजारच्या कॅन्सस प्रांतांत मिल्फर्ड या खेड्यांत जॉन ब्रिंक्ली नांवाचा एक 'डॉक्टर' होता. त्याची पदवी पैसे टाकून मिळणाऱ्या जातीची. बोकडाच्या ग्रंथी पुरुषांच्या शरीरांत बसवून गेलेलें तारुण्य परत आणून देण्याचा त्याचा धंदा. त्यानेंही १९२३ मध्यें के.एफ.के.बी. हें केंद्र काढलें होतें. त्याचाही आवाज घरगुती. त्याच्याही बोलण्यांत देवाधर्माच्या गोष्टी, मधून खेडवळ संगीत. श्रोत्यांचीं पत्रें वाचून तो तेथल्या तेथें दुखण्याचें निदान करी आणि अमुक नंबरचें औषध ठराविक दुकानांतून घ्या म्हणून सांगे. त्या विक्रींतून त्याचा वांटा त्याला पोंचता होई. त्याच्या हातून रोगी दगावलेही. आणि गंमत, गंमत कसली, दुर्दैव असें कीं, अर्ल मेला करंडक मिळाल्यावर तीन-चार वर्षांनीं त्याच 'रेडिओ डायजेस्ट'च्या वाचकांनीं अमेरिकेंतील सर्वांत लोकप्रिय केंद्र म्हणून के.एफ.के.बी.ला करंडक दिला!

१९३० मध्यें कॅन्ससच्या वैद्यक मंडळानें ब्रिंक्लीची सनद काढून घेतली, आणि फेडरल रेडिओ कमिशननें केंद्राचा परवाना पुढें चालविण्यास नकार दिला. लोकांस काय वाटलें? त्याच वर्षीं तो गव्हर्नरच्या जागेसाठीं उभा राहिला, आणि मतपत्रिकेवर त्याचें नांव छापलेलें नसतांही पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनीं तें स्वत:च्या हातानें लिहून त्यास मत दिलें. पुढें त्यानें सरहद्दीपलीकडे मेक्सिकोंत नवें केंद्र काढलें. १९४१ मध्यें त्याचें दिवाळें निघालें व १९४२ मध्यें तो वारला.

तात्पर्य, गोड आवाज, घरगुती भाषा, नित्यनेम हे सारे गुण बियाणेवाल्यापाशीं होते तसेच भोंदूपाशींही होते, आणि ऐकणारास कानानें त्यांतला भेद कळला नाहीं. मग भेद कोठें होता? आमच्या मतें तो मालांत होता. बियाणें उगवतें कीं नाहीं हें आठपंधरा दिवसांत शेतकऱ्याला स्वत:च्या डोळ्यांनीं दिसतें. बांधापलीकडचा शेजारीही पाहत असतो. फील्डचा शब्द दर पावसाळ्यास कसोटीवर घासला जाई. ब्रिंक्लीचा रोगी मात्र आपल्या दुखण्याची तुलना कशाशीं करणार? आणि जे मेले त्यांचीं पत्रें केंद्रावर येत नव्हतीं. येत तीं केवळ कृतज्ञांचीं. ज्या व्यापाऱ्याचा माल गिऱ्हाइकास स्वत: पारखतां येतो, त्याच्याच बोलण्याला खरा अर्थ असतो.

आमच्या देशांत हेन्री फील्ड कां झाला नाहीं, असा प्रश्न विद्यार्थ्यानें केला. उत्तर सरळ आहे: त्याला जागाच नव्हती. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं खाजगी कंपनीनें सुरू केलें खरें, पण ती कंपनी १९३० मध्यें बुडाली आणि नभोवाणी सरकारकडे गेली. स्वातंत्र्यानंतरही आकाशवाणीवर व्यापाऱ्यास शिरकाव नव्हता. १९५२ पासून दंतमंजनवाल्यांनीं सिलोनच्या केंद्रावरून गीतमाला ऐकविली ती त्याचमुळें. आणि तेथेंही आवाज अमीन सायानींचा, मंजन करणाराचा नव्हे. विविध भारतीवर १९६७ मध्यें मुंबई, पुणें व नागपूर येथें जाहिराती सुरू झाल्या, त्याही उसन्या आवाजांत. खाजगी एफ.एम. केंद्रें २००१ पासून आलीं, परंतु तीं बड्या भांडवलाचीं.

तथापि वाणी नव्हती तेथें लेखणी होती. फील्डनें स्वत:चें केंद्र उभारण्याच्या चार वर्षें आधीं, १९२० मध्यें, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली. लोखंडी नांगरानें जमीन नासते असा समज असलेल्या शेतकऱ्यांस लक्ष्मणरावांनीं नांगर विकून दाखविला होता. आतां त्या गिऱ्हाइकांशीं कारखाना छापील अक्षरांतून बोलूं लागला. १९२९ मध्यें नांवांतली 'खबर' गळाली, पुढें 'स्त्री' व 'मनोहर' हीं भावंडें आलीं, आणि ज्या घरांत नांगराचा फाळ कधीं दिसला नाहीं त्या घरांतही किर्लोस्कर हें नांव आदरानें घेतलें जाऊं लागलें. त्यानें किती नांगर जास्त खपले याचा हिशेब मांडीत बसण्यांत अर्थ नाहीं.

पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्यें 'गार्डियन' पत्रांत बेन हॅमर्स्ली या लेखकानें प्रथम वापरला. त्यांतला 'पॉड' ज्या आयपॉडवरून आला तें यंत्र निघावयाचें २०२२ मध्यें बंद झालें. शब्द मात्र राहिला. क्रिया सोपी आहे. बोलणें मुद्रित करून महाजालावर ठेवावें. ज्यांनीं नांव नोंदविलें आहे त्यांच्या फोनवर नवा भाग आपोआप दाखल होतो, आणि नांगरतांना, स्वयंपाक करतांना, एस.टी.च्या प्रवासांत तो हवा तेव्हां ऐकतां येतो. फील्डला मनोरा लागला, यंत्रज्ञ लागले, सरकारचा परवाना लागला. येथें शांत खोली व बरासा ध्वनिग्राहक पुरे. आमच्या देशांतील लहान दुकानदाराला स्वत:च्या आवाजांत दूरवर बोलण्याची ही पहिलीच संधि आहे, आणि ती त्यानें दवडूं नये असें आम्हांस मनापासून वाटतें. लाखों श्रोते त्याला नकोतच. तालुक्यांतले चारपांचशें शेतकरी नेमानें ऐकतील तर कोणत्या जाहिरातीनें तेवढें साधेल? मात्र नेम हवा. चार भाग काढून मूग गिळून बसणारे या क्षेत्रांत थोडे नाहींत.

परंतु परवाना नाहीं याचा अर्थ ब्रिंक्लीचा आवाज आधींच अडविणाराही कोणी नाहीं. म्हणून आम्हीं विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारला: जो माल तुझ्या दुकानांत पडून आहे तो यंदा घेऊं नका, असें सांगण्याची वेळ आली तर तूं सांगशील काय? तो बराच वेळ बोलला नाहीं. दुकानाचें भाडें, कंपन्यांनीं ठरवून दिलेली विक्री, मुलाचें शिक्षण हें सारें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. चहा संपवून तो गेला.

मे महिन्याच्या अखेरीस त्यानें आम्हांस पहिला भाग पाठविला. विषय होता घरच्या सोयाबीनची उगवण कशी पाहावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनें मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी, पाणी शिंपडीत राहावें, आठवड्यानें उलगडून कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले तर घरचेंच बीं पेरावें, विकतच्या पिशवीची गरज नाहीं. भाग अकरा मिनिटांचा होता. मध्येंच कोणी गिऱ्हाईक येऊन युरियाचा भाव विचारतें, आणि हा "थांबा जरा, बोलतोंय" असें म्हणून पुन्हां दाण्यांकडे वळतो. तेवढा तुकडा काढून टाकावा काय, असें त्यानें चिठ्ठींत विचारलें होतें. राहूं दे, असें आम्हीं उलट टपालीं कळविलें.