कोकण किनारा : लाटा, वारा आणि भरतीचे वर्षचक्र

पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. पुण्याला समुद्र शनिवार-रविवारी आठवतो, या पट्ट्यातील अनेकांना तो बुधवारची पाळी सुटल्यावर. ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा खोपोली-पेणमार्गे अलिबाग, काशीद, मुरूड अशा या वाटा. पहाटे निघालेली गाडी दुपारच्या आत किनारा गाठते, जेवण उरकते आणि तीनच्या सुमारास मंडळी पाण्यात उतरतात. त्या घटकेला समुद्र कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वर दिसणारे निरभ्र आकाश या बाबतीत भरवशाचा साक्षीदार नव्हे.

प्रशांत महासागराच्या काठी, कॅलिफोर्नियात, मोठ्या लाटांचा हंगाम हिवाळा असतो. उत्तरेकडील वादळे त्या लाटा धाडतात. कोकणात चक्र याच्या उलट फिरते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे स्थिरावले की अरबी समुद्र खवळतो. खोल पाण्यात तीन ते पाच मीटर उंचीच्या लाटा उठतात आणि ही अवस्था ऑगस्टपर्यंत टिकते. महाराष्ट्रात जून व जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते. त्यामागे माशांच्या विणीचा काळ हे कारण आहे, तसेच होड्यांची सुरक्षितताही. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटतो, ही प्रथा म्हणजे लाटांच्या वेळापत्रकाचीच नोंद आहे.

पावसाळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे बांध रचतात. पुढील शांत महिन्यांत तीच वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे गेल्या वर्षी जिथे कमरेइतके पाणी होते, तिथे यंदा खड्डा असू शकतो. ओळखीचा किनारा ही कल्पनाच थोडी फसवी आहे.

ऑक्टोबरनंतर लाटांची उंची बहुधा एक मीटरच्या खाली येते. तरीही समुद्र पूर्ण निजत नाही. डिसेंबर ते मार्च या काळात इराणच्या आखाताकडील ‘शमाल’ नावाचे वायव्येचे वारे अधूनमधून जोर धरतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून कोकण-गोव्यापर्यंत येतात. दूरच्या वाऱ्याने जन्मलेल्या, गोलसर पाठीच्या अशा लाटांना ‘स्वेल’ म्हणतात. याहून लांबचा प्रवास दक्षिण महासागरातील स्वेलचा. हजारो किलोमीटर कापून त्या भारतीय किनाऱ्याला लागतात, तेव्हा येथे वाराही पडलेला असतो. लागोपाठच्या दोन लाटांमध्ये चौदा ते वीस सेकंदांचे अंतर असल्याने पाणी शांत भासते. मग एकाएकी ते किनाऱ्यावर चढते. केरळात याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे नेमके नाव आहे.

उन्हाळ्यात आणखी एक दैनंदिन फेरा असतो. सकाळी समुद्र आरशासारखा, दुपारपासून समुद्रावरून वाहणारा खारा वारा आणि त्याने उठवलेल्या आखूड, तुटक लाटा. रात्री पुन्हा शांतता. म्हणजे सकाळी पाहिलेल्या पाण्यावरून दुपारचा अंदाज बांधता येत नाही.

भरतीचे गणित मात्र बांधता येते, आणि तेही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून. किनाऱ्यावर जुना आडाखा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या तासाचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा व अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पहाटे-रात्री एकदा आणि दिवसा एकदा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईपेक्षा दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते आणि पाण्याची चढउतारही कमी होत जाते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकत असल्याने या गुरुवारी दुपारी भरती असेल, तर पुढच्या गुरुवारी त्याच वेळी ओहोटी असते. मित्राने सांगितलेला मागच्या आठवड्याचा अनुभव म्हणूनच उपयोगाचा नसतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची. उधाणाच्या दिवशी मध्यान्हीला चढलेले पाणी संध्याकाळी सहापर्यंत उतरते आणि त्याचा वेग मधल्या तासांत, म्हणजे तीनच्या सुमारास, सर्वाधिक असतो. औद्योगिक पट्ट्यातील सहली पाण्यात उतरतात ती हीच वेळ. खारा वाराही तेव्हाच जोरात असतो.

ओहोटीइतकीच घातक असते ती ‘ओढ’. लाटा फुटून किनाऱ्याशी साचलेले पाणी वाळूच्या बांधातील खिंडीतून समुद्राकडे परतते. तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून पोहण्यास तीच जागा निवडली जाते. ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. निष्णात पोहणाराही त्याविरुद्ध टिकत नाही. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या पट्ट्यातून बाहेर पडणे आणि मग लाटांबरोबर परतणे, हाच मार्ग.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, चंद्र कृष्णपक्षातील अष्टमीच्या आसपासचा असल्याने उधाणही नव्हते. याउलट ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा आधीच इशारे मिळाले होते आणि किनारे रिकामे होते. वादळाची भीती सर्वांना वाटते, फेब्रुवारीच्या दुपारची कोणाला वाटत नाही.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची, दिशा आणि स्वेलचे इशारे प्रसिद्ध करते. वाऱ्याचा अंदाज हवामान खाते देते. हरिहरेश्वरला खडकांवरील प्रदक्षिणामार्ग ओहोटीच्या वेळीच चालता येतो, त्यामुळे तिथे निघण्यापूर्वी तिथी पाहणे ओघानेच आले. ग्रामस्थ वा जीवरक्षकांनी ‘आज नको’ म्हटले, तर त्यांना पाण्याखालच्या वाळूची यंदाची जागा ठाऊक असते.