पोटभाडेकरू बटण

गाडीच्या बाहेरच्या आरशाची काच आतून गरम करता येते, हे ती सोय असलेल्या गाडीच्या मालकांनाही अनेकदा ठाऊक नसतं. दोष त्यांचा नाही. ज्या बटणावर हे काम चालतं त्यावर चित्र असतं मागच्या काचेचं: एक आयत आणि त्यातून वर जाणारे तीन नागमोडी बाण. आरशाचं चित्र असलंच तर ते त्याच्या कडेला, अंग चोरून. कधी तेही नसतं. आरशाच्या हीटरला गाडीत स्वतःचं बटण क्वचितच मिळालं. तो कायम दुसऱ्याच्या बटणात पोटभाडेकरू म्हणून राहिला, आणि तो तसा का राहिला हे शोधायला गेलं की गाडीतल्या विजेचा अर्धा इतिहास हाती लागतो.

आधी आरसा. इंग्लंडमधल्या डोरोथी लेविट या मोटारचालक बाईंनी १९०९ मध्ये बायकांसाठी मोटार चालवण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात हातात धरायचा छोटा आरसा जवळ ठेवा आणि अधूनमधून उंच धरून मागचं बघा, असा सल्ला आहे. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, रे हॅरून पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकला. बाकीच्यांच्या गाडीत मागे लक्ष ठेवायला एक मेकॅनिक बसलेला असायचा. हॅरूनने त्याच्याऐवजी गाडीवर आरसा बसवला होता. विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थडथडत होता की त्यात फारसं काही दिसलंच नाही, असं त्याने पुढे सांगितलं. म्हणजे आरशाबद्दलची पहिली तक्रार थरथरण्याची होती. धुक्या-दवाची तक्रार येण्यासाठी माणसाने बंद केबिनमध्ये उबेला बसायचं आणि आरशाने बाहेरच उभं राहायचं, अशी विभागणी व्हावी लागली.

निरभ्र रात्री बाहेर उभी असलेली कुठलीही काच आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिच्यावर दव धरतं; पारा शून्याखाली असेल तर हिम. पुढच्या काचेला वायपर आहे, आतून गरम हवेचा झोत आहे. आरशाला दोन्ही नाही. उजवीकडचा आरसा काच खाली करून फडक्याने पुसता येतो, पण पलीकडच्या दाराचा पुसायला गाडीतून उतरावंच लागतं. जपान्यांनी यावर शब्दशः उपाय केला होता. १९८० च्या निसान लेपर्ड गाडीत बॉनेटच्या दोन कडांवर उभ्या असलेल्या आरशांना इवलेसे वायपर बसवले होते. पाहायला भारी गोंडस प्रकार, पण पुढे चालला नाही.

चाललं ते विजेचं तापवणं, आणि त्याची सुरुवात मागच्या काचेपासून झाली. जुन्या गाड्यांत वीज डायनॅमो करायचा. गाडी सिग्नलला थांबली, इंजिन मंद झालं की त्याची ताकद संपायची. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि त्या दशकात तो सगळीकडे पसरला. आता मंद इंजिनवरही वीज पुरेशी मिळू लागली. मग मागच्या काचेवर चांदीमिश्रित शाईच्या बारीक आडव्या रेषा छापून, भट्टीत भाजून पक्क्या करायच्या आणि त्यांतून वीज सोडायची, ही पद्धत रुळली. ही काच खादाड असते. दीडशे-दोनशे वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीत १२ ते १७ अँपिअर. बटण चालू राहून गेलं तर बॅटरीची वाट लागणार.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. उष्णता दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पंखा लावला तर घरघरतो, वायपर डोळ्यांसमोर हलतो, काचेचा हीटर मुकाट चालतो. परिणाम दिसायला काही मिनिटं जातात, आणि दिसला की बटण विसरायची वेळ झालेली असते. म्हणून या बटणाला दोन गोष्टी जोडाव्या लागल्या. एक, चालू असल्याचं सांगणारा छोटा दिवा. दुसरी, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर. माझ्या मते डॅशबोर्डवरच्या शहाण्या शोधांमध्ये हा टायमर फार वर बसतो. माणूस विसरणार, हे त्याने आधीच धरून चालायचं ठरवलं.

आरशाकडे वीज पोचली ती वेगळ्याच वाटेने. आरसा आतून बटणाने फिरवायची सोय १९८० च्या दशकात वाढत गेली, आणि त्यातल्या मोटरसाठी दारातून आरशाच्या खोक्यापर्यंत तारा गेल्या. तारा गेल्याच आहेत तर आणखी दोन टाकायला कितीसा खर्च? काचेच्या पाठीला एक पातळ तापणारी पट्टी चिकटवली की काम झालं. दोन आरसे मिळून दोन-चार अँपिअर. मागच्या काचेपुढे ही भूक काहीच नाही. तिच्यासाठी नवं बटण, नवा दिवा, नवा टायमर, नवा रिले कोण करत बसणार? ज्या सकाळी मागची काच धुरकटलेली असते त्याच सकाळी आरसेही धुरकटलेले असतात. तेव्हा मागच्या काचेच्या रिलेलाच आरशांच्या तारा जोडून दिल्या. हीटरला स्वतःचं नाव मिळालं ते फ्यूजच्या डब्यात. टोयोटाच्या झाकणावर ‘एमआयआर एचटीआर’ (म्हणजे मिरर हीटर) अशी त्रोटक अक्षरं आणि १० अँपिअरचा लाल फ्यूज दिसतो, तेवढीच त्याची पाटी.

या जोडणीत एक खोट राहिली. दुचाकीवाला घासून गेला, आरशाची काच फुटली, आणि गॅरेजवाल्याने स्वस्तातली साधी काच बसवली, की तापपट्टीच्या दोन चपट्या पिनांना जोडलेल्या तारा आत नुसत्या लोंबत राहतात. बटण दाबलं की दिवा मात्र आधीसारखाच लागतो. तो दिवा वीज सोडल्याचं सांगतो, काच तापल्याचं नाही.

फोक्सवॅगनच्या घराण्याने हा पोटभाडेकरू बाहेर काढून दुसरीकडे ठेवला. त्यांच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दारावर एक गोल खटका असतो. डावीकडे वळवला की डावा आरसा हलवता येतो, उजवीकडे वळवला की उजवा, आणि एका जागी आरशाचं व वाफेचं चित्र, तिथे आणला की दोन्ही आरसे तापतात. कागदावर ही रचना नेटकी आहे: आरशाचं सगळं एका ठिकाणी. पण खटका तिथेच विसरला तर टायमर नाही आणि आठवण करून देणारा दिवाही नाही. मग विसराळूपणावर तोडगा म्हणून त्यांनी तापमानाची अट घातली. कित्येक मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, की बाहेर २० अंशांच्या खाली असेल तरच हीटर चालेल. बीएमडब्ल्यू त्याहून पुढे गेली. तिच्या अनेक गाड्यांत आरशाच्या हीटरला बटणच नाही. गरज पडेल तेव्हा गाडी स्वतःच काच तापवते.

आता तर बटण पडद्यात शिरलं आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये मागच्या काचेचा हीटर पडद्यावरून लावला की आरसेही तापतात, म्हणजे घर बदललं तरी पोटभाडेकरू तोच. पडद्यांच्या या लाटेला आवर घालायला युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून काही कामांसाठी खरी, हाताला लागणारी बटणं असावीत असा आग्रह धरला. यादीत इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचं बटण आहे. आरशाचा हीटर नाही. २०१८ मध्ये लेक्सस आणि ऑडीने आरशाच्या जागी कॅमेरे बसवलेल्या गाड्या आणल्या. त्या कॅमेऱ्यांनाही हीटर द्यावाच लागला, कारण दवाला आरसा आणि भिंग सारखंच.

आपल्याकडे हे सगळं महागड्या गाड्यांतून आलं. फोक्सवॅगनच्याच घराण्यातल्या स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया आणली, तिची जुळणी औरंगाबादजवळ शेंद्र्याला व्हायची. या युरोपी गाड्यांबरोबर त्यांच्या देशांतली गृहीतकंही आली, म्हणजे आरशावर हिम धरतं आणि हिम थंडीतच धरतं. आंबोलीला किंवा माळशेजला श्रावणात ही गृहीतकं चालत नाहीत. तिथे बाहेर २१-२२ अंश असतात, ढग रस्त्यावर उतरलेला असतो आणि आरशाच्या काचेवर थेंबांची चाळण पसरलेली असते. ते थेंब सुकवायला हीटर उत्तम उपयोगी पडतो. पण ज्या गाडीत २० अंशांची अट आहे तिथे खटका वाफेच्या चित्रावर नेला तरी काच गारच राहते. मागच्या काचेच्या बटणात आरसे गुंडाळलेली साधी, बुद्धी न चालवणारी जपानी-कोरियन रचना मात्र तिथे मुकाट काम करते. त्या आयतावर बोट ठेवायचं आणि दहा मिनिटं वाट पाहायची. फक्त तेवढ्या वेळात आरशाच्या काचेला हात लावू नये. ती चांगलीच चटका देते.