तबकडींतून सुटलेलें गाणें

पनवेल तालुक्यांतील कामोठे हें दोन पिढ्यांपूर्वीं निव्वळ खेडें होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आंखली गेली, आणि पुढें मानसरोवर स्थानकाच्या आसपास उंच इमारतींची दाटी झाली. अशा वसाहतींत राहावयास येणारीं कुटुंबें जुन्या बिऱ्हाडांतून जो सरंजाम आणतात, त्यांत पुष्कळदां एक चमत्कारिक वस्तु आढळते. नाट्यगीतें, अभंग, भावगीतें यांच्या सीडींनीं भरलेला खोका घरांत असतो. त्या वाजविण्याचें यंत्र मात्र बंद पडलेलें असतें, आणि नव्या संगणकाला तबकडी घालण्याचा खणच नसतो. गाणें विकत घेतलेलें, कपाटांत जपलेलें, पण मुकें.

गाण्यावर ही पाळी प्रथमच आली असें नव्हे. १९०२ सालीं फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरविला. तीवर जेमतेम तीन मिनिटें गाणें मावे. अब्दुल करीमखांसाहेबांनीं हें बंधन मानलें, म्हणून १९३७ सालीं ते गेल्यावरहि त्यांचा स्वर घरोघर ऐकूं येत राहिला. उलट भास्करबुवा बखले १९२२ सालीं आणि अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें ध्वनिमुद्रिकेवर मिळत नाहीं, तें शिष्यांच्या गळ्यावरून ताडावें लागतें. बरें, जें मुद्रित झालें तेंहि सारें टिकलें असें नाहीं. लाखेच्या तबकड्यांमागून लाँगप्ले आली, तिच्यामागून कॅसेट. प्रत्येक पालटांत कंपनीला जें पुन्हां काढणें परवडलें तेवढेंच पुढें गेलें, बाकीचें जुन्या बाजारांत पडलें. तेथून तें वेंचून आणणाऱ्या हौशी मंडळींनीं १९९० सालीं मुंबईंत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकांतून जुन्या मुद्रिकांची नोंद ठेवण्याचें काम केलें, तें याच कारणास्तव.

१९८२ सालीं फिलिप्स व सोनी यांची सीडी बाजारांत आली. तीवर सुईनें वाचावयाची लाट नसते, आंकडे असतात. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचा ध्वनि दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेला असतो. तासाभराच्या गाण्याचे हे आंकडे सुमारें ६३५ मेगाबाइट भरतात. आंकड्यांची नक्कल मूळाइतकीच अस्सल निघावी, असें कोणासहि वाटेल. पण सीडी रचणाऱ्यांनीं ती केवळ ऐकण्यासाठीं रचली होती, उतरून घेण्यासाठीं नव्हे. लेझरचा किरण चकतीवर नेमका कोठें आहे याची बिनचूक खूण ध्वनीच्या तुकड्यांवर लिहिलेली नसते. त्यामुळें संगणकानें वाचतांना मध्येंच थांबून पुन्हां सुरुवात केली, कीं एखादा तुकडा दुबार येई, एखादा गळे, आणि तानेच्या ऐन मध्यावर 'टक्' असा आवाज निघे.

या अडचणीवर क्रिस्टोफर माँटगोमेरी या अमेरिकन तरुणानें गेल्या शतकाच्या अखेरीस जो उपाय काढला, त्याचें नांवच 'सीडीपॅरानोइया', म्हणजे संशयी. हा कार्यक्रम यंत्राच्या एकाहि वाचनावर विश्वास ठेवीत नाहीं. तो मागील तुकड्याचा थोडा भाग पुन्हां वाचतो, दोन्ही वाचनें एकमेकांवर ठेवून जुळवितो, आणि जुळल्यावरच पुढें सरकतो. काम संथ होतें, पण गाणें शाबूत निघतें. याच सुमारास आंद्रे वीटहोफ यांचें 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हेंहि आलें. मात्र या दोहोंत एक भेद आहे. इंग्रजींत ज्याला एकच शब्द आहे, त्याला मराठींत सुदैवानें दोन आहेत: फुकट आणि मुक्त. वीटहोफ यांचा कार्यक्रम फुकट आहे. माँटगोमेरींचा मुक्तहि आहे, कारण त्याची घडण उघडी असून ती कोणीहि वाचावी, सुधारावी, वांटावी. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हांपासूनचा हा संप्रदाय.

त्याची गरज लवकरच पटली. ६३५ मेगाबाइटचें ओझें कमी करणारी एमपी-थ्री ही पद्धति जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेंत सिद्ध झाली होती. १९९८ सालीं त्या संस्थेनें एमपी-थ्री बनविणारे कार्यक्रम वांटणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे मागण्यास आरंभ केला. उत्तरादाखल माँटगोमेरींनीं 'ऑग व्होर्बिस' ही बिनपरवान्याची पद्धति २००२ सालीं पूर्ण केली. तत्पूर्वीं २००१ सालीं जोश कोल्सन यांची 'फ्लॅक' आली होती, जींत ओझें हलकें होऊनहि एकहि आंकडा गळत नाहीं. फ्राउनहोफरनें परवाने देणें २०१७ सालीं थांबविलें.

याहून बोधप्रद हकीकत नांवांची आहे. सीडीवर बहुधा गाण्याचें नांव लिहिलेलें नसतेंच. सुधीर फडके यांच्या आवाजांतील गीतरामायणाचीं ५६ गीतें संगणकांत उतरविलीं, तर प्रत्येक तबकडी आपली 'ट्रॅक १'पासून मोजणार! म्हणून जगभरच्या श्रोत्यांनीं नांवें टंकून 'सीडीडीबी' या सामायिक सूचींत विनामोबदला भरलीं. पुढें ती सूची एका कंपनीच्या मालकीची झाली, आणि ज्यांनीं ती भरली त्यांच्याच मुक्त कार्यक्रमांना तिचें दार बंद झालें. लोकांनीं पुन्हां 'फ्रीडीबी' व 'म्यूझिकब्रेन्झ' उभारल्या. २०२० सालीं फ्रीडीबी बंद पडली, तरी तिच्यांतील नांवें मुक्त परवान्याखालीं असल्यामुळें दुसऱ्यांना उचलतां आलीं. मराठी श्रोत्याची कुचंबणा आणखी वेगळी. एमपी-थ्रीच्या पहिल्या नोंदवहींत नांवास ३० रोमन अक्षरांची जागा होती. देवनागरीची सोयच नव्हती. ती पुढील आवृत्तींत आली. व्होर्बिसमध्यें आरंभापासून होती.

कंपन्यांच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं चोरीचें भय खरें होतें. पण २००५ सालीं सोनी बीएमजीच्या कांहीं सीडी ग्राहकाच्या संगणकांत गुपचूप कार्यक्रम दडवीत असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां ज्यांनीं रीतसर पैसे मोजले तेच घरांत चोर घेऊन आले असें ठरलें. त्या तबकड्या कंपनीस परत घ्याव्या लागल्या. भारतांत १९५७ च्या कायद्यान्वयें ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें चालतो. खासगी उपयोगासाठीं न्याय्य वापराची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनें ध्वनिमुद्रिकांनाहि लाभली. उतरविलेली प्रत विकणें वा वांटणें ही अर्थात् निराळी गोष्ट.

कामोठ्याच्या त्या खोक्यांत कारखान्यांत छापलेल्या सीडींखेरीज घरीं लिहिलेल्याहि कांहीं असतात: कोणाच्या बारशाचीं गाणीं, कोणाच्या आजोबांचें कीर्तन. या चकतींत आंकडे रंगाच्या थरावर उमटविलेले असतात. तो थर उष्णतेनें व उजेडानें बिघडतो, आणि तिची दुसरी प्रत कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. बाहेरून जोडावयाचें वाचनयंत्र आणल्यावर पहिला मान तिचा.