पडद्याची वाटणी : संगणकावरील खिडक्या शेजारी-शेजारी लावण्याची सोय

संगणकाच्या पडद्यावर एखादा दस्तऐवज ज्या चौकटीत उघडतो, तिला विंडो अर्थात खिडकी म्हणतात. अनेक खिडक्या उघड्या असताना कोणती कोठे दिसावी, किती जागा व्यापावी आणि कोणती पुढे असावी, हे ठरविण्याच्या व्यवस्थेला खिडक्यांचे व्यवस्थापन म्हणता येईल. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ या प्रणालीत या व्यवस्थेत 'स्नॅप लेआउट' नावाची सोय समाविष्ट झाली. विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुनी यंत्रे बदलणाऱ्या कार्यालयांत आणि घरांत ही सोय न मागताच हाती येत आहे. बहुतेकांना मात्र ती आपल्या यंत्रात आहे, याची कल्पनाही नसते.

गोव्यासारख्या राज्यात तिचे महत्त्व थोडे अधिक आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली. त्याच कायद्याने शासकीय कामांसाठी मराठीच्या वापरालाही मुभा दिली. इंग्रजीचा वापर तर चालूच राहिला. परिणामी येथील लिपिक, भाषांतरकार, वकिलांचे साहाय्यक आणि वृत्तपत्रांचे उपसंपादक यांच्या कामाचे स्वरूप बव्हंशी एकच असते. एका भाषेतला मजकूर समोर ठेवून दुसऱ्या भाषेत लिहायचे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरील नावे अर्जात उतरवून घेणाऱ्याचीही तीच गत. हे काम एका पूर्ण पडद्यावर करताना माणूस सतत दोन खिडक्यांत ये-जा करतो, वाचलेला आकडा क्षणभर स्मरणात धरतो आणि मग टंकतो. सर्वे क्रमांकातील एक अंक चुकण्याची जागा हीच. मूळ आणि प्रत शेजारी-शेजारी असल्या की स्मरणाचे काम डोळ्यांकडे येते. या सोयीचा खरा लाभ एवढाच आहे. पण तो लहान नाही.

गमतीचा भाग असा की, नवी म्हणून ओळखली जाणारी ही मांडणी विंडोजच्या जन्माइतकीच जुनी आहे. २० नोव्हेंबर १९८५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज १.० मध्ये खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी बसत आणि एक उघडली की दुसरी आक्रसे. त्यापूर्वी १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने आणलेल्या 'स्टार' या संगणकाची रीतही जवळपास अशीच होती. पण त्या काळचे पडदे लहान होते. चार खिडक्या मांडल्या की एकीतही धड वाचता येत नसे. १९८७च्या विंडोज २.० ने खिडक्या कागदांप्रमाणे एकमेकींवर ठेवण्याची मुभा दिली. ही रीत अॅपलच्या मॅकिंटॉशवर आधीपासून होती. अॅपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, त्यातील आक्षेपांत एकमेकींवर येणाऱ्या खिडक्यांचाही समावेश होता. निकाल अॅपलच्या विरोधात गेला आणि मेजावर पसरलेल्या कागदांची ती कल्पना जगभर रूढ झाली.

पुढे पडदे रुंद झाले. चौकोनी पडद्यांच्या जागी आडवे पडदे आले आणि एकच खिडकी त्यावर पसरली की दोन्ही बाजूंना पांढरी जागा वाया जाऊ लागली. तेव्हा जुनी फरशीची रीत परत बोलावण्यात आली. २००९च्या विंडोज ७ मध्ये खिडकी पडद्याच्या कडेला ओढून नेली की ती अर्धा पडदा व्यापत असे. २०१५च्या विंडोज १० ने पडद्याचे चार कोपरेही उपलब्ध करून दिले. विंडोज ११ ने यात भर घातली ती आराखड्यांची. जागा कशी वाटायची याचे तयार नमुने आता समोर दिसतात.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ती मोठी करण्याचे चौकोनी बटण असते. त्यावर माउसचा बाण नुसता थांबविला की लहान आराखडे दिसतात. हवा तो भाग निवडला की खिडकी तेथे जाऊन बसते. उरलेल्या जागेत इतर उघड्या खिडक्यांची चित्रे दिसतात, त्यांतील एक निवडली की मांडणी पूर्ण होते. कळफलकावरून हेच करायचे तर विंडोजची कळ दाबून झेड दाबावे. नुसती डावी-उजवी वाटणी हवी असेल, तर विंडोजच्या कळीबरोबर बाणाची कळ पुरते, आणि नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी हे बरे. दोन खिडक्यांमधील सीमारेषा माउसने धरून सरकविली की एक रुंद होते आणि दुसरी तेवढीच अरुंद. न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) एकाच खिडकीत उघडलेली दोन पाने मात्र अशी आपोआप शेजारी येत नाहीत. त्यांतील एका पानाचा टॅब ओढून आधी स्वतंत्र खिडकी करावी लागते.

अशा जोडीने लावलेल्या खिडक्यांचा विंडोज ११ एक गट मानते. मध्येच तिसरे काही पाहावे लागले, तरी ऑल्ट आणि टॅब या कळांनी संपूर्ण गट पुन्हा जसाच्या तसा समोर आणता येतो. आराखड्यांपेक्षाही हा भाग अधिक उपयोगाचा ठरतो. दिवसातून दहा वेळा दूरध्वनी येणाऱ्या टेबलावर खिडक्या पुन:पुन्हा मांडत बसण्यास कोणालाच सवड नसते.

दोन भाषांत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असे मांडले, तरी खिडकी बदलताना कळफलकाची भाषाही बदलावी लागते. ती विसरली की देवनागरी मजकुरात रोमन अक्षरांची रांग उमटते. यावर उपाय विंडोजमध्येच आहे, पण तो सेटिंग्जमध्ये खोलवर दडलेला आहे. 'टाइम अँड लँग्वेज'मधील 'टायपिंग' या भागात कळफलकाच्या प्रगत सेटिंग्जची नोंद आहे; तेथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी लेखनपद्धती ठेवण्याचा पर्याय मिळतो. त्यावर खूण केल्यानंतर दोन वेगळ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या आपापली भाषा लक्षात ठेवतात. ही गरज गोव्यापुरती नाही. ग्वाल्हेरपूर्वी शिंदे घराण्याची राजधानी उज्जैनला होती आणि त्या शहरात मराठी कुटुंबे आजही आहेत. तेथील नानाखेडा भागात हिंदीत सरकारी अर्ज भरून मराठीत घरचा पत्रव्यवहार करणाऱ्यालाही हाच पर्याय उपयोगी पडेल. लिपी एकच असली तरी हिंदी आणि मराठी यांची शुद्धलेखन-तपासणी वेगळी असते.

सगळ्यांत मोठी मर्यादा पडद्याच्या आकाराची. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. लॅपटॉपचा नेहमीचा १५.६ इंची पडदा सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे अर्ध्या भागात सव्वासतरा सेंटिमीटरच मिळतात आणि पान मूळ आकारात मावत नाही. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर. त्यावर दोन पाने पूर्ण रुंदीने शेजारी बसतात आणि थोडी जागा उरते. देवनागरीतील रफार, मात्रा आणि जोडाक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून अनेकजण पडद्यावरील अक्षरे १२५ टक्के मोठी करतात. तसे केल्यास १९२० बिंदू रुंदीचा पडदा प्रणालीच्या हिशेबी १५३६ बिंदूंचा उरतो. तीन उभ्या स्तंभांचा आराखडा १९२० किंवा त्याहून अधिक रुंदीलाच दिसत असल्याने तो अशा यंत्रावर दिसेनासा होतो. यंत्रात बिघाड आहे असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याचे कारण नाही. शिवाय काही जुने हिशेबी प्रोग्रॅम ठरावीक रुंदीखाली आकसतच नाहीत आणि शेजारच्या खिडकीवर अतिक्रमण करतात. त्यांच्यासाठी पडदा समसमान न वाटता दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश असा वाटावा.

अन्य प्रणालींतही हा प्रवाह आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॅकओएस सेक्वोया या आवृत्तीत खिडकी कडेला नेऊन बसविण्याची सोय अॅपलने दिली. लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा या वातावरणात २०२३ पासून विंडोजची कळ आणि टी दाबून स्वत:चा आराखडा आखता येतो. विंडोजवरही तसे हवे असल्यास मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज' या विनामूल्य संचातील 'फॅन्सीझोन्स' हे साधन आहे. त्यात आपल्या मापाचे कप्पे पाडून ठेवायचे आणि शिफ्ट दाबून खिडकी ओढायची. वृत्तपत्राच्या पानमांडणीसारखे काम करणाऱ्यांनी ते पाहण्यासारखे आहे. इतरांना त्याची गरज पडणार नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षाघटक आवश्यक असल्याने अनेक जुनी यंत्रे त्यावर जाऊ शकत नाहीत. केवळ खिडक्यांच्या सोयीसाठी यंत्र बदलण्याचा खर्च करणे योग्य नव्हे. अर्ध्या आणि पाव पडद्याची वाटणी विंडोज १० मध्येही आहे. तेच पैसे मोठ्या पडद्यावर खर्चिले तर या कामात फरक अधिक जाणवेल. सुरक्षेसाठी यंत्र बदलायचे की नाही, हा निराळा विचार.

नव्या यंत्रावर आलेल्या जुन्या वापरकर्त्यांना एक गोष्ट मात्र हुकल्यासारखी वाटते. टास्कबारवर माउसची उजवी कळ दाबून सर्व खिडक्या एकदम शेजारी लावण्याचा पर्याय विंडोज ९५ पासून चालत आला होता, तो विंडोज ११ मध्ये टास्कबारवरून काढण्यात आला आहे. ज्यांना आराखडे अकारण डोकावल्याने त्रास होतो, त्यांना 'सिस्टिम'मधील 'मल्टिटास्किंग' या भागात ते पूर्ण बंद करता येतात किंवा फक्त बाणाखाली दिसणारी चौकट बंद ठेवून बाकीची सोय चालू ठेवता येते.