स्नायूंचा दाह आणि कामकऱ्याची मूठ

पुणे-खंडाळा आगगाडी १८५८ साली आमच्या कामशेतवरून धावू लागली आणि १८६३ च्या एप्रिलात बोरघाटातील मार्ग खुला झाला. तो कोणाच्या दंडमांड्यांच्या बळावर खोदला गेला, हे मावळात सांगावयास नको. त्याच १८६३ साली जर्मनीत वाग्नर नावाच्या वैद्याने एका दुर्मीळ स्नायुरोगाची हकीकत छापली. दोन्ही गोष्टींचा संबंध काहीच नाही. पण स्नायू हेच कामकऱ्याचे भांडवल, म्हणून आम्हांस ते साल विसरता येत नाही.

पुढे उनव्हेरिश्टने १८८७ साली अनेक स्नायूंच्या दाहाचे वर्णन केले आणि ज्यात कातडीही सापडते त्यास १८९१ साली डर्मेटोमायोसायटिस हे नाव दिले. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर लाल चकंदळे, ही त्याची खूण. रोग संसर्गाचा नव्हे. शरीराची राखणदार फौजच आपल्या स्नायूंवर उलटते.

ह्या रोगाची एक खोड कामगाराच्या मुळावर येते. प्रथम खांदे व मांड्या जातात, पंजा बहुधा शाबूत राहतो. आमच्या एका सोबत्यास पाटावरून उठवेना, गाडीत फळीवर पिशवी ठेववेना. मुकादम त्याचा हात दाबून म्हणाला, "मूठ तर घट्ट आहे, मग ओझे का उचलत नाहीस?" कामचोरीची नोटीस मिळाली. नोटिशीला उत्तर आम्हीच लिहिले, आणि खरे सांगावयाचे तर लिहिताना आमच्याही मनात शंका होती. ती फिटली रक्ताच्या तपासणीने. स्नायू झिजले की त्यातील सीपीके हे द्रव्य रक्तात उतरते; त्याचे ते कितीतरी पट वाढले होते.

१८६३ पासून पंचाऐंशी वर्षे ह्यावर खात्रीचे औषध नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिले. त्याच जातीची औषधे पुढे ह्या रोगातही मुख्य उपचार ठरली. आपला कर्मचारी राज्य विमा कायदाही १९४८ चाच. त्यात आजारपणाचा साधा भत्ता वर्षाकाठी ९१ दिवसांचा, त्यापुढची मुदत ठरावीक रोगांनाच. हा उपचार मात्र महिनोन्‌महिने चालतो. ह्या मधल्या दिवसांसाठी आम्हांस वर्गणी काढावी लागली.

गोळ्यांनी सोबत्याचा चेहरा गोल झाला. "मजेत आहेस की!" असे लोक म्हणत. आठव्या महिन्यात तो हात न टेकता पाटावरून उठला.