ध्रुवरात्रीतील बिऱ्हाड

ध्रुवप्रदेशाचा इतिहास बहुधा पावलांच्या हिशेबाने लिहिला जातो. कोण किती मैल चालून गेला, कोणाचे निशाण प्रथम रोवले गेले, कोण परतला आणि कोणास बर्फाने ठेवून घेतले, एवढे सांगून तो थांबतो. परंतु दक्षिण ध्रुवाच्या खंडावर गेलेल्या माणसांचा बराचसा काळ चालण्यात गेलेला नाही. तो गेला एका छपराखाली, एका चुलीभोवती आणि त्याच त्या चेहऱ्यांच्या संगतीत. सुमारे चार महिने सूर्य उगवत नाही, टपाल येत नाही आणि रुसून कोठे जावे म्हटले तर दुसरे घर नाही. अशा ठिकाणी थंडी माणसाची परीक्षा पाहते हे खरे. पण तिच्याहून कठीण परीक्षा शेजारचा माणूस पाहतो. केप इव्हान्स येथील एका लाकडी घरात १९११ आणि १९१२ असे लागोपाठ दोन हिवाळे माणसांनी ही परीक्षा दिली. तिची हकिकत ध्रुवाच्या शर्यतीइतकी गाजली नाही. परंतु शिकण्यासारखे तिच्यात अधिक आहे.

कप्तान रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांचे 'टेरा नोव्हा' हे जहाज जानेवारी १९११ मध्ये रॉस बेटाच्या किनाऱ्यास लागले. मागे एरेबस हा धुमसता ज्वालामुखी आणि पुढे गोठणारा समुद्र, अशा जागी त्यांनी घर उभारले. लांबी ५० फूट, रुंदी २५ फूट. ऊब राहावी म्हणून भिंतींच्या फळ्यांमध्ये वाळलेल्या समुद्रशेवाळाच्या गाद्या भरल्या होत्या. दिवे ॲसिटिलीन वायूचे, चूल कोळशाची. या घरात २५ माणसांनी पहिला हिवाळा काढला. त्यांत इंग्रज होते, आयरिश होते, दोघे भूशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाचे होते, एक पदार्थवैज्ञानिक कॅनडाचा, एक जण नॉर्वेचा आणि दोघे रशियाचे होते. हिशेब केला तर माणशी ५० चौरस फूट जागा येते, आणि त्यातच स्वयंपाकघर, प्रयोगशाळा आणि छायाचित्रकाराची अंधारखोली. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसास या मापाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

चाळीचा उल्लेख केवळ उपमेसाठी नाही. घराच्या एका बाजूस बाउअर्स, ओट्स, चेरी-गॅरार्ड, मीअर्स आणि ॲटकिन्सन अशा पाच जणांच्या पलंगांची उतरंड होती. तिला घरातल्या मंडळींनी जे नाव दिले होते, त्याचे मराठी 'चाळ' असेच करावे लागेल. समोरच्या खणात भूशास्त्रज्ञांनी पडदा लावून थोडी शोभा आणली, तर चाळकरी त्या चैनीची यथेच्छ थट्टा करीत. या थट्टेतही एक सोय होती. ज्या माणसाशी महिनोन् महिने हातभर अंतरावर झोपायचे, त्याच्याशी खरे भांडण परवडत नाही. म्हणून लुटुपुटीचे भांडण करून घ्यावे लागते.

घरात एक भिंतही होती. सामानाची खोकी एकमेकांवर रचून ती केली होती. तिच्या एका अंगास १६ अधिकारी व शास्त्रज्ञ राहत, दुसऱ्या अंगास खलाशी, स्वयंपाकी, तबेल्याचा रशियन मोतद्दार आणि कुत्र्यांची गाडी हाकणारा त्याचा देशबांधव, असे नऊ जण. चूल एकच होती, पण पंक्ती दोन. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्यांना ही खोक्यांची भिंत खटकल्यावाचून राहणार नाही. आरमाराच्या रिवाजाप्रमाणे स्कॉट यांना ती स्वाभाविक वाटली. दोन्ही बाजूंस आपापल्या परीने मोकळे बोलता यावे, असा तिचा उपयोगही होता. परंतु माणूस जगाच्या अखेरच्या टोकास गेला तरी आपला समाज, त्यातील मायेसह आणि उतरंडीसह, पाठीवर घेऊन जातो, याची साक्षही तीच भिंत देते.

दिवस मात्र दोन्ही अंगांचा सारखाच बांधलेला होता. प्यावयाचे पाणी म्हणजे बर्फ. ते फोडून आणून वितळवावे लागे. तबेल्यातील घोड्यांना अंधारात फिरवून आणावे लागे. सील मारून त्याचे ताजे मांस साठवावे लागे, कारण स्कर्व्ही या रोगाचे भय सर्वांच्या मनात होते. क्लिसोल्ड या स्वयंपाक्याने तर पीठ फुगून तयार झाले की विजेची घंटा आपोआप वाजावी, अशी युक्ती योजली होती. सिमल्याच्या हवामान खात्यातून आलेला जॉर्ज सिम्प्सन आपल्या कोपऱ्यात वाऱ्याची व तापमानाची यंत्रे सांभाळी. रात्री सारे निजले म्हणजे अधिकाऱ्यांपैकी एक जण पाळीने जागा राही. चूल विझू न देणे, आकाशातील ध्रुवप्रकाशाची नोंद करणे आणि घोड्यांकडे पाहून येणे ही त्याची कामे. ही पाळी स्कॉटही इतरांप्रमाणेच देत. निजलेल्या घरासाठी कोणी तरी जागे आहे, ही जाणीवच त्या अंधारात एक आधार होती.

संध्याकाळ रिकामी राहिली तर ती माणसास खाते, हे स्कॉट यांनी ओळखले होते. म्हणून जेवणानंतर आठवड्यातून तीन वेळा व्याख्याने ठेवली. पुढे ती दोनवर आणली. विल्सन यांनी पक्ष्यांवर आणि चित्रकलेवर सांगितले, राइट याने बर्फावर, डॉक्टर ॲटकिन्सन यांनी स्कर्व्हीवर. ओट्स हा मितभाषी घोडेस्वार काही काळ मध्य हिंदुस्थानात महूच्या छावणीत होता. त्याने घोड्यांच्या निगेविषयी सांगितले आणि सर्वांना हसवलेही. पॉन्टिंग या छायाचित्रकाराने जादूच्या दिव्यावर जपानची आणि ब्रह्मदेशाची चित्रे दाखवली, तेव्हा खोक्यांच्या पलीकडची मंडळीही येऊन बसली. बाहेर वादळ घोंघावत असता आत भिंतीवर ब्रह्मदेशातील पॅगोडे उजळत होते. काही घटका तरी त्या घरास खिडकी फुटली होती.

या बिऱ्हाडाचे स्वतःचे नियतकालिकही होते. 'साउथ पोलर टाइम्स' हे पत्र १९०२ मध्ये स्कॉट यांच्या पहिल्या मोहिमेत शॅकलटन यांच्या संपादकत्वाखाली निघाले होते. १९११ मध्ये चेरी-गॅरार्ड यांनी ते पुन्हा चालू केले. टंकलिखित एकच प्रत, विल्सन यांची चित्रे आणि लेखकांची नावे गुप्त. अंक निघाला की स्कॉट तो मोठ्याने वाचीत आणि कोणता लेख कोणाचा याचे तर्क चालत. पहिला अंक २२ जून १९११ रोजी, म्हणजे ध्रुवरात्रीच्या मध्यावर, निघाला. त्या दिवशी घरात निशाणे लावली होती, मेजवानी होती. जेथे गवताची काडी उगवत नाही तेथे बाउअर्स याने काठी, बांबूच्या कामट्या आणि पिसे यांचे नाताळचे झाड केले. त्याला प्रत्येकासाठी एक भेट टांगलेली होती. ओट्सच्या वाट्याला खेळण्यातील बंदूक आली आणि तो गंभीर गृहस्थ रात्रभर सर्वांवर ती झाडीत फिरला. नाताळ खरा डिसेंबरात. पण तो जूनमध्ये आणण्याची गरज होती, कारण सण तिथीपेक्षाही मनाच्या काळोखासाठी असतो.

या साऱ्या रीतींचा उपयोग केवळ करमणुकीपुरता होता काय? ४ जुलै १९११ ची गोष्ट याचे उत्तर देते. हिमवादळ चालू असता ॲटकिन्सन तापमान पाहण्यासाठी घराबाहेर पडले. यंत्र दूर नव्हते, पण वादळात दिशा हरवली आणि ते गोठलेल्या समुद्रावर भरकटले. ते नाहीत हे कळले केव्हा? रात्रीच्या पंगतीत त्यांची जागा रिकामी दिसली तेव्हा. मग कंदील आणि मशाली घेऊन माणसे चोहीकडे निघाली. सुमारे सहा तासांनी, बर्फाने हात भाजून, ॲटकिन्सन परतले. एकत्र जेवण्याची रीत ही तेथे रोजची हजेरीही होती.

खरी कसोटी पुढे होती. १ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट ध्रुवाच्या वाटेस लागले. शेवटच्या टप्प्यास निवडलेल्या पाचांत स्कॉट, विल्सन, बाउअर्स आणि ओट्स हे भिंतीच्या एका अंगाचे होते. पाचवा, एडगर इव्हान्स, हा पलीकडचा खलाशी. ध्रुवावरील तंबूत खोक्यांची भिंत नव्हती. १७ जानेवारी १९१२ रोजी ते ध्रुवावर पोहोचले. त्यांच्याआधी आमुंडसेन तेथे जाऊन गेला होता. मार्च सरला तरी ते पाच जण केप इव्हान्सला परतले नाहीत.

१९१२ च्या हिवाळ्यात त्या घरात १३ माणसे उरली. काही जण जहाजाने परत गेले होते. सिम्प्सन हिंदुस्थानात आपल्या कामावर परतला आणि त्याची यंत्रे राइटने सांभाळली. चाळीतील पाचांपैकी मीअर्स मायदेशी निघाला होता, बाउअर्स आणि ओट्स परतणार नव्हते. उरले ॲटकिन्सन आणि चेरी-गॅरार्ड. आता प्रमुखपणाचा भार ॲटकिन्सन यांच्यावर आला होता. रिकाम्या पलंगांच्या शेजारी निजायचे आणि सकाळी उठून तेच बर्फ फोडायचे, अशी ती स्थिती होती. तरीही नोंदी थांबल्या नाहीत, पंगत मोडली नाही. जूनमधील मध्यरात्रीचा सण याही वर्षी झाला आणि नियतकालिकाचा अंकही निघाला.

त्या वर्षी तबेल्यात सात नवे रहिवासी होते. हिंदुस्थान सरकारने दिलेली ती खेचरे जहाजाने आली होती. गुलाब, बेगम, राणी, प्यारी, लाल खान, खान साहिब आणि अब्दुल्ला ही त्यांची नावे. दक्षिण ध्रुवाच्या अंधारात नॉर्वेचा ग्रान आणि आयर्लंडचा कीओहेन या हिंदुस्थानी नावांनी त्यांना हाका मारीत होते, हे चित्र इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत सहसा आढळत नाही.

याच हिवाळ्यात त्या तेरांपुढे एक दारुण प्रश्न उभा राहिला. कॅम्पबेल यांच्या हाताखालची सहा माणसांची तुकडी किनाऱ्यावर दूर उत्तरेस अडकली होती. ती कदाचित जिवंत असेल. दक्षिणेस गेलेले पाच जण तर निश्चित मृत. उन्हाळा उजाडताच प्रथम कोणाकडे जावे? जिवंतांच्या सुटकेस की मृतांच्या शोधास? ॲटकिन्सन यांनी हुकूम सोडला नाही. त्यांनी सर्वांचे मत घेतले. एकाने मत दिले नाही. बाकी सर्वांनी दक्षिण दिशा निवडली. कॅम्पबेल आपल्या बळावर परततील, पण त्या पाचांचे काय झाले हे न कळता जगापुढे कसे जावे, असा त्यामागील विचार होता. ज्या घरास दोन पंक्ती होत्या, त्या घराने आपला सर्वांत कठीण निर्णय एका पंक्तीत बसून घेतला.

इकडे कॅम्पबेलची माणसे बर्फाच्या एका गुहेत सीलच्या चरबीच्या दिव्यावर दिवस काढीत होती. गुहा १२ फूट लांब, ९ फूट रुंद. ताठ उभे राहण्यासही जागा नाही. भिंत घालणे अशक्य, म्हणून कॅम्पबेल यांनी जमिनीवर एक रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूस तीन अधिकारी, दुसऱ्या बाजूस तीन खलाशी. एका बाजूचे बोलणे दुसऱ्या बाजूने ऐकू आले तरी ऐकले नाही असे मानायचे. नियम हास्यास्पद वाटतो. पण त्या रेघेने खलाशांना अधिकाऱ्यांविषयी कुरकुरण्याचा हक्क दिला, आणि कुरकुरता येणे हा दीर्घ सहवासाचा मोठा आधार असतो. रविवारी प्रार्थना आणि माणशी साखरेच्या बारा वड्या, महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणशी पंचवीस बेदाणे. रात्री डॉक्टर लेव्हिक डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' मधील एक प्रकरण वाचून दाखवीत. सहाही जण जगले. ७ नोव्हेंबर १९१२ रोजी ते पायी केप इव्हान्सला पोहोचले, तेव्हा शोधासाठी बहुतेक मंडळी खेचरे घेऊन दक्षिणेस गेली होती. पाच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, त्या मंडळींना स्कॉट यांचा तंबू सापडला. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच आठवड्यात मिळाली.

दक्षिण ध्रुवाच्या त्या खंडावर आज भारताचीही बिऱ्हाडे आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' उभारली आणि १९८४ मध्ये बारा भारतीयांनी तेथे पहिला हिवाळा काढला. ते ठाणे पुढे बर्फाखाली गेले. १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' आली. आता तेथून घरी बोलता येते, तरी सूर्य पूर्वीइतकाच लांब राहतो. जूनमध्ये रात्रीचा मध्य आला की निरनिराळ्या देशांची ठाणी आजही एकमेकांना शुभेच्छा धाडतात. केप इव्हान्सचे घरही अद्याप उभे आहे. त्याची निगा राखली जाते. चाळीतील पलंग तेथे तसेच आहेत. त्या घरातली माणसे इतरांहून निराळ्या धातूची नव्हती. वेळेवर पंगत मांडावी, कोणाची जागा रिकामी आहे ते पाहावे, एकाने सर्वांसाठी जागे राहावे आणि काळोख दाटला की सण करावा, एवढ्या साध्या रीती त्यांनी मोडू दिल्या नाहीत. सूर्य परत येईपर्यंत त्यांना तेवढ्यांनी तारले.